इंजिनाचा व्यत्यास

खोली दाखवताना घरमालक साधारणपणे नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगतात. माझ्या घरमालकांनी मला विचारलं, "बाई, भूमिती येते काय तुले?"

मी साताऱ्याहून बदली होऊन नागपूरच्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून आले होते. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. भूमितीत मी शाळेत कशीबशी काठावर पास झाले होते, पण खोली हवी होती, म्हणून म्हटलं, "थोडी येते."

"मंग जमते," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

भूमितीचा आणि भाड्याच्या खोलीचा संबंध काय, हे मला त्या दिवशी कळलं नाही. खरं सांगायचं तर त्या घरात मी जी वर्षं काढली त्यातलं बरंचसं मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलंय असं वाटतं, तेही पूर्ण खात्रीनं सांगवत नाही. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कळायलाच मला आठवडा लागला होता. तिथली माणसं इतक्या लवकर कुठून कळणार!

घर धंतोलीत होतं. कडुनिंबाखाली बैठा बंगला, मागे मोटारखाना, आणि मोटारखान्यावर माझी खोली. बाहेरून लोखंडी जिना. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फरशीतून मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, इतका वास आला की खाली कुणीतरी पेटवून घेतंय की काय, असं वाटून मी अंथरुणातून उठून धावत खाली गेले. तर मोटारखान्याच्या मधोमध घरमालक पाटावर मांडी घालून बसलेले. डोक्याला ओला दुपट्टा. समोर मातीच्या तेलानं भरलेली पितळी परात, आणि त्यात ते एक लोखंडी तुकडा बाळाला न्हाऊ घालावं तसा घोळवत होते. मागे एक लाल, बुटकी, बिनटपाची विलायती मोटार उभी होती. दोनच माणसं बसतील एवढी. तिचं तोंड उघडं होतं आणि तोंडात काही नव्हतं.

तोंडातलं सगळं छताला टांगलेलं होतं. नट, स्प्रिंगा, व्हाल्व, पट्ट्या, नळ्या. प्रत्येक वस्तू सुतळीनं बांधून आढ्याच्या खिळ्यांना लटकवलेली. वाकून चालावं लागायचं, नाहीतर डोक्याला पिस्टन लागायचा.

हे गृहस्थ आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. सगळी धंतोली त्यांना मास्तर म्हणे. त्यांना बोलायच्या दोन भाषा होत्या. साधं बोलताना अस्सल नागपुरी. पण तत्त्वाचं काही सांगायचं झालं की उभे राहत, दुपट्टा काढून खांद्यावर टाकत आणि पाठ्यपुस्तकासारखं बोलत. मला त्यांनी त्या सकाळी उभं राहून सांगितलं, "इंजिन उघडणे हा सिद्धांत आहे. ते पुन्हा बसवणे हा त्याचा व्यत्यास. ज्या क्रमाने काढले, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने बसवायचे."

मग पाटावर बसत हळूच म्हणाले, "आता प्रत्येक सिद्धांताचा व्यत्यास खरा असतेच असं नाही. थे एक लफडं आहे."

भिंतीवर खडूनं मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. पक्ष : इंजिन बंद आहे. साध्य : इंजिन चालू होते. सिद्धता : आणि पुढे सगळी भिंत कोरी. शेवटच्या कोपऱ्यात "हेच सिद्ध करावयाचे होते" या ओळीसाठी मास्तरांनी आधीच एक चौकट आखून ठेवली होती. चौकट रिकामी होती.

मला वाटलं, माणूस मोटारींचा जुना शौकीन असणार. छे! मास्तरांना मोटार चालवता येत नव्हती. ते सायकलसुद्धा बसून कमी आणि हातात धरून जास्त नेत. घरातला फ्यूज उडाला तर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्टुलावर चढून तार बसवत आणि मास्तर खाली उभे राहून टॉर्च भलतीकडेच धरत. असा माणूस मोटारीचं आख्खं इंजिन उघडून बसतो, हे माझ्या डोक्यात शिरेना.

काकूंनीच मला उलगडा केला. मोटार त्यांची नव्हतीच. ज्या वकिलाकडून घर विकत घेतलं, तो म्हणाला होता की गाडी न्यायला माणूस पाठवतो. तो माणूस यायचा अजून राहिला होता. वकीलसाहेब वारले, तरी माणूस येईना. गाडीवर कोंबड्या बसत. मास्तरांनी पंचवीसेक वर्षांत एकदाही त्या दाराला हात लावला नव्हता.

"मंग आत्ताच काहून?" मी विचारलं. चारच दिवसांत माझ्याही तोंडात 'का'च्या जागी 'काहून' आलं होतं.

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "त्याईचे दोन मोठे भाऊ होते बाई. दोघंही मास्तरच. पहिले रिटायर झाले अन् वर्षाच्या आत गेले. दुसरेही तसेच. दुखणं नाही, बाणं नाही. नुसते खुर्चीत बसत अन् समोर पाहत. मंग याईची पाळी आली. हे बी तसेच बसले. त्या व्हरांड्यातल्या खुर्चीत, निंबाकडं तोंड करून. जेवा म्हटलं तर जेवत. निजा म्हटलं तर निजत. मी रोज सकाळी उठून पहिले त्याईचा श्वास पाहो. अन् एक दिवस माहीत नाही काय झालं, उठले अन् मोटारखान्याचं कुलूप तोडलं. संध्याकाळी आले तर हात काळे अन् म्हणते, मले भूक लागली."

काकूंच्या डोळ्यात पाणी आलं होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं, आणि पुढच्याच क्षणी मोटारखान्याकडे तोंड करून ओरडल्या, "अवो, माझी परात कवा भेटते? का आता तुमच्या त्या सटवीले त्यातच जेवू घालता?"

ही त्या घरातली रोजची आरती. काकू दिवसभर त्या इंजिनाच्या नावानं बोटं मोडत. कवा जाते ही अवदसा, कवा मोकळा होते माझा मोटारखाना, भैताड झाला, येडा झाला हा माणूस. आणि कापूस, चिंध्या, चहा, मातीचं तेल न मागता दारात आणून ठेवत. रेशनवर मातीचं तेल कमी मिळालं तर स्वयंपाक चुलीवर करत आणि मास्तरांची परात भरत. मी साताऱ्याची. आमच्याकडे माणूस चिडला की चिडतो आणि हसला की हसतो. इथे दोन्ही एकदम चालायचं. मी गोंधळून जिना चढायची.

मास्तरांची यंत्रविद्या बेताचीच होती. शिकवायला कुणी नव्हतं आणि कुणाला विचारणं त्यांना पटत नव्हतं. "जो आकृती दुसऱ्याकडून काढून घेतो, त्याला प्रमेय कळत नाही," हे त्यांचं उभं राहून बोलायचं वाक्य. सगळं स्वतः सिद्ध करायचं. मग एकदा इंजिन सगळं बसवून झालं आणि परातीत ओंजळभर नट उरले. मास्तरांनी ते दोनदा मोजले. मग म्हणाले, "कंपनीवाल्यानं जास्तीचे देले असन." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पुन्हा आढ्याला लटकलेलं होतं.

एकदा इंजिनाच्या दोन भागांमधलं गॅस्केट फाटलं. ते विलायतेहून येणार कुठून! मास्तरांनी कंपासपेटी काढली, ड्रॉइंगचा जाड कागद घेतला, आणि कर्कटकानं, कोनमापकानं इतकं देखणं गॅस्केट आखलं की फ्रेम करून भिंतीला लावावं. ते बसवलं, पाणी भरलं, तेल भरलं आणि रोज हँडल मारून इंजिन फिरवलं. आठ दिवसांनी तेलाचं बूच उघडलं तर आतून पांढरं, घट्ट, फेसाळ काहीतरी आलं. पाणी आणि तेल आत एकमेकांत घुसळलं गेलं होतं. इंजिनातून चक्क ताक निघालं.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वाकून पाहिलं. "वा! आता लोणी कवा निघते?"

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्या माणसाला पोट धरून हसताना पहिल्यांदा पाहिलं. खुर्चीत बसून निंबाकडे पाहणारा माणूस तो हाच, यावर माझा विश्वासच बसेना.

उन्हाळ्यात ते इंजिनाला ऊन लागू नये म्हणून वाळ्याची ताटी मोटारखान्याच्या दाराला बांधत. घरात काकू आणि वर मी, दोघी भाजून निघत असू. नागपुरात ऊन लागू नये म्हणून लोक खिशात कांदा ठेवतात. मास्तरांनी एक कांदा स्वतःच्या खिशात आणि एक कार्बोरेटरशेजारी ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. दुसऱ्या खिशात सुपारीची चपटी पत्र्याची डबी. काही अडलं की डबी उघडायची, एक खांड तोंडात टाकायचं, डबी बंद करायची. त्या डबीच्या टक् आवाजावरून मला वर कळे की खाली काहीतरी बसत नाही.

मला भूमिती कशासाठी हवी होती, तेही एव्हाना कळलं होतं. मास्तरांना विद्यार्थी लागत. ड्यूटीवरून आले की मला पाटावर बसवून ते दिवसभराचा पाठ म्हणून दाखवत. एकदा त्यांनी इंजिनाच्या लोखंडी ठोकळ्यातली काही भोकं मला दाखवली. काकूही चहा घेऊन उभ्या होत्या.

"हे पाय. तेल इथून जाते. हे बंद झालं तर आतला हरेक भाग कोरडा होते, घासते, अन् इंजिन मरते. माणसाच्या धमन्या असते तसं." म्हणून त्यांनी प्रत्येक भोकात बनियनच्या फडक्याचा बोळा कोंबून वरून सुतानं गाठ मारली होती. धूळ नको, पाल नको, मुंगी नको. "आता ब्रह्मदेव आला तरी आत काही जात नाही," ते म्हणाले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला इंजिन खरोखरच संपत आलं. हे मलासुद्धा दिसत होतं. आढ्याला आता मोजक्याच सुतळ्या उरल्या होत्या. मास्तर सकाळी लवकर उठत, झपाझप चालत, जेवताना बोलत. "दिवाळीले चालू होते," ते सगळ्या गल्लीला सांगत सुटले. आणि काकूंचं ओरडणं अचानक बंद झालं. मला वाटलं, बाईला बरं वाटत असेल, मोटारखाना मोकळा होणार. पण त्या गप्प गप्प असायच्या. एकदा भाजी चिरता चिरता एकदम म्हणाल्या, "झालं की मंग काय करन हा माणूस?"

मी म्हटलं, "गाडीत बसतील, काकू. तुम्हाला फिरवतील."

"त्याईले चालवता येत नाही," काकू म्हणाल्या. त्यांची नजर व्हरांड्यातल्या खुर्चीवर होती.

खंडेनवमीला शस्त्रांची, हत्यारांची पूजा करतात. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ते पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. मास्तरांचे पाने, हातोड्या आणि तो लोखंडी ठोकळा काकूंनी धुतलेल्या चादरीवर मांडला. झेंडू कमी पडला म्हणून मास्तरांना बाजारात पिटाळलं. मी तबक धरून उभी होते. काकूंनी पान्यांना बोटं लावली, हातोडीला फूल वाहिलं. मग ठोकळ्यापाशी बसल्या. एका भोकाची सुताची गाठ सोडली, बोळा काढला, कुंकवानं माखलेल्या अक्षतांची चिमूट आत सोडली, बोळा परत बसवला आणि गाठ मारली. मग दुसऱ्या भोकाची.

मी विचारलं, "आतही वाहायच्या असतात का?"

"आमच्याकडं असंच असते," काकू म्हणाल्या.

म्हटलं, नागपूरची पद्धत असेल. जिथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात तिथे इंजिनाच्या पोटात अक्षता टाकतही असतील. मी नमस्कार करून ड्यूटीवर गेले.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी अर्धी गल्ली मोटारखान्यापुढे जमली होती. मास्तरांनी लग्नातला कोट घातला होता. बॅटरी भाड्यानं आणली होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात, तिथून पुढे येईनात. मास्तरांनी एका हातात खडू घेतला आणि दुसऱ्या हातानं चावी फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि एकदम सुरू झाली. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण तो आवाज ऐकून मी टाळ्या पिटायला लागले. आढ्याला लटकलेल्या त्या सगळ्या भंगाराला एवढा भरदार आवाज होता! गल्लीतले पोट्टे आनंदानं ओरडले. मास्तर वळले, भिंतीपाशी गेले, रिकाम्या चौकटीत खडू टेकवला आणि "हे" एवढं लिहिलं.

तेवढ्यात खट खट सुरू झालं. तेलाचा काटा शून्यावर आला. मास्तरांनी झडप घालून चावी बंद केली. बाहेर कुणीतरी म्हणालं, "मास्तर, नापास!" आणि सगळे हसले. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी त्याला तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले. मास्तर मात्र कोट काढून पाना शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी खाली पाटावर बसले होते. मास्तरांनी रात्रभर जागून मोकळा केलेला ठोकळा आडवा केला, एका भोकात बारीक तार घातली आणि ओढली. तारेबरोबर तेलात भिजलेले चार-दोन दाणे तळहातावर आले. कुंकवाचा रंग अजून गेला नव्हता.

मास्तरांनी इंजिन बसवताना गाठीसकट उपसून ठेवलेला त्या भोकाचा बोळा उचलला आणि त्याच्या सुताची गाठ पाहिली. मास्तर सुरगाठ मारायचे. ही निरगाठ होती, काकू पापडाच्या डब्याच्या फडक्याला मारायच्या तशी.

"बाई, नवमीची पूजा कोणं केली?"

"काकूंनी," मी म्हटलं. "आत अक्षता टाकायची इकडची पद्धत आहे ना?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं. त्या दारातून समोर व्हरांडा दिसे आणि व्हरांड्यात ती खुर्ची. मी वाट पाहत होते की आता हा माणूस ओरडेल. किती महिन्यांचं काम, आणि सगळ्या गल्लीसमोर झालेली शोभा! त्यांनी सुपारीची डबी उघडली, ते दाणे आत टाकले आणि टक् करून डबी मिटली.

"हाव," ते म्हणाले. "आमच्याकडं असंच असते."

मग उठून स्वयंपाकघरापाशी गेले आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माझीच चूक झाली वं. फडकं राहिलं होतं आत. सगळं पुन्हा उघडावं लागते."

"मी म्हणतच होती!" काकूंचा आवाज कितीतरी दिवसांनी चढला. "तुमाले एक काम धड येत नाही! आता परत माझा मोटारखाना अडला! परत माझी परात गेली!" आणि त्या संध्याकाळी त्यांनी सांबारवड्या केल्या. इतक्या केल्या की मला वर नेऊन द्याव्या लागल्या. दिवाळीतसुद्धा त्यांनी एवढा उत्साह दाखवला नव्हता. मी वडी खात जिन्यावर बसले आणि विचार करत राहिले. ज्याचं काम बिघडलं तो चूक स्वतःच्या अंगावर घेतो, जिनं बिघडवलं ती त्यालाच झापते, आणि दोघंही सणासुदीसारखे जेवतात! कुणाला विचारणार?

त्यानंतर मास्तरांची घाई गेली. कामात खंड नाही. सकाळी पाट, परात, दुपट्टा, सगळं तसंच. पण दिवाळी, संक्रांत, कुठलाच वायदा नाही. गल्लीत कुणी विचारलं, "काय मास्तर, कुठवर आलं?" की ठरलेलं उत्तर, "थोडं राहिलं आहे." चौकटीतलं "हे" तसंच एकटं राहिलं. मी म्हटलं, एवढं लिहिलंय ते पुसून तरी टाका. तर उभे राहून म्हणाले, "जी सिद्धता पूर्ण झाली नाही ती चुकीची ठरत नाही."

एकदा श्रावणातल्या सोमवारी काकू देवळात गेल्या होत्या. मी दुपारी ड्यूटीवरून परत येत होते. गल्लीच्या तोंडाशीच मला तो आवाज आला. तोच, भरदार, पण खालच्या पट्टीतला, अगदी एकसारखा. मी भराभर पावलं उचलली. फाटकात आले तर शांत. मास्तर मोटारखान्यात पाटावर बसून हात पुसत होते. मांडीवर सुपारीची डबी.

"आवाज कसला होता, मास्तर?"

"ट्रक गेला असन," ते म्हणाले आणि टक् करून डबी मिटली. मी गल्लीत डोकावून पाहिलं. ट्रक नव्हता. पण त्या घरात एवढ्या गोष्टी मला कळत नव्हत्या, त्यात आणखी एक.

पुढे माझी पुण्याला बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. नागपूरला काही ना काही निमित्तानं मी येत राहिले, आणि आले की धंतोलीत जायचीच. मास्तर म्हातारे झाले, दुपट्टा तोच. काकू म्हाताऱ्या झाल्या, ओरडणं तेच. भावांसारखे वर्षात न जाता मास्तर निवृत्तीनंतर वीसेक वर्षं जगले, आणि ठणठणीत जगले. गेले तेही मोटारखान्यात. सकाळी परात घेऊन बसले, काकूंनी चहा नेला तेव्हा भिंतीला टेकून होते. हात काळे होते, असं काकूंनी मला ट्रंक कॉलवर सांगितलं.

मी गेले तेव्हा तेरावा होऊन बरेच दिवस झाले होते. काकू व्हरांड्यात होत्या. त्या खुर्चीत, निंबाकडे तोंड करून. मी समोर उभी राहिले तरी त्यांना उशिरा कळलं. भोपाळला दिलेली त्यांची लेक आवराआवर करत होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई जेव म्हटलं तर जेवते, नीज म्हटलं तर निजते. घर विकून तिला मी भोपाळला नेते." हे शब्द मी या घरात आधी ऐकले होते.

त्याच दिवशी गाडी पाहायला जबलपूरचा एक हौशी गृहस्थ मोमिनपुऱ्यातल्या मिस्त्रीला घेऊन आला. बंद का असेना, गाडी न्यायची त्याची तयारी होती. लेकीनं काकूंना हाताला धरून मोटारखान्यात आणलं. आढ्याला एकही सुतळी नव्हती. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि शिट्टी घातली.

"सब तो लगा है माँजी। साफ है एकदम। बंद काहे को बोलते?" त्यानं एक काळं झाकण उचललं. "बस इसका रोटर नहीं है। अंगूठे बराबर चीज है। वो नहीं तो करंट जाएगा कैसे?"

काकूंनी कमरेची चंची चाचपली. आतून मास्तरांची सुपारीची डबी काढली. "त्याईच्या खिशात होती," त्या मला म्हणाल्या. "यात हे काय आहे वं? मले वाटलं, सुपारीचंच काही असन."

डबीत दोन-तीन खांडं होती. वाळून काळपट झालेले चार-दोन तांदळाचे दाणे होते. आणि अंगठ्याएवढा एक काळा तुकडा.

मिस्त्रीनं तो उचलला, जागेवर बसवला, स्वतःच्या जीपची बॅटरी आणून लावली, थोडं पेट्रोल ओतलं. चावी फिरवली. गाडी एकदाही खोकली नाही. पहिल्या फटक्यात सुरू झाली, आणि तोच, एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज मोटारखान्यात भरला. श्रावणातल्या सोमवारचा माझा ट्रक.

काकू भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. "म्हणजे झालं होतं," त्या म्हणाल्या. "कवाचंच झालं होतं." मग त्यांनी डबीत पाहिलं. दाण्यांवर बोट ठेवलं. "अन् हेही माहीत होतं त्याईले. मले वाटे, मी त्याईले फसवून राहिली. सगळा जन्म वाटे. मी टाकले होते बाई. मुद्दाम टाकले होते. झालं की माणूस खुर्चीत बसन, मंग मी काय करू? अन् हा माणूस... हा भैताड माणूस..."

त्या रडल्या. मीही रडले. लेक गोंधळून आमच्याकडे पाहत होती, आणि मला तिचं अगदी बरोबर वाटलं. कुणी कुणाला जगवलं, कोण कुणाला फसवत होतं, याचं गणित मला आजही पुरतं सुटलेलं नाही. मास्तर काकूंना भीती वाटू नये म्हणून गाडी बंद ठेवत होते, का त्यांनाच त्या खुर्चीची भीती वाटत होती? दोन्ही असेल. मास्तर असते तर त्यांनी उभं राहून सांगितलं असतं.

जबलपूरचा गृहस्थ खूश झाला होता. चालू गाडी म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. "मग आजच नेतो, आई," तो म्हणाला.

काकूंनी डोळे पुसले. "बंद करा पहिले," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. आवाज थांबला. त्या पुढे झाल्या, त्याला ते काळं झाकण उघडायला लावलं आणि तो अंगठ्याएवढा तुकडा स्वतःच्या बोटांनी ओढून काढला. डबीत ठेवला. टक् करून डबी मिटली आणि चंचीत घातली. मग भिंतीजवळची पितळी परात पायानं पुढे सरकवली.

"नाही बाप्पा, आज नाही नेता येत," त्या म्हणाल्या. "थोडं राहिलं आहे."

लेक म्हणाली, "आई, अगं भोपाळ..."

"थोडं राहिलं आहे म्हटलं ना!" काकू जोरात ओरडल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, उभी काय राहिली? मातीचं तेल आण. अन् माह्यासाठी पाट घे."